गाणे बंद करू नका, बटण त्यांच्या हाती द्या

पत्र

सप्रेम नमस्कार. माझे सासरे, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, पंचाहत्तर वर्षांचे आहेत. सात महिन्यांपूर्वी त्यांना पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात आणि उजवा पाय लुळा पडला आणि बोलणे गेले. आता ते काठीच्या आधाराने न्हाणीघरापर्यंत जातात. आपण बोललेले त्यांना सगळे कळते, पण 'हां' आणि 'ना' यांपलीकडे शब्द येत नाही, आणि तेही कधी कधी उलटे येतात.

अण्णा लालबागच्या एका गिरणीत साचेखात्यात होते. 1982 च्या संपात ती नोकरी गेली. सासूबाईंच्या पाटल्या विकल्या गेल्या, पण टेपरेकॉर्डर आणि पंडित भीमसेन जोशींच्या अभंगांची कॅसेट तेवढी राहिली. अण्णा चाळीच्या भजनी मंडळात टाळ वाजवत. संपाच्या दिवसांत रोज संध्याकाळी गिरणीच्या फाटकावरून परत आले की ते कॅसेट लावून बसत. माझे यजमान तेव्हा सात वर्षांचे होते. 'त्या अभंगांनी आपले घर तारले' हे सासूबाईंचे वाक्य मी लग्न झाल्यापासून ऐकते आहे.

आता सासूबाई पहाटे सहाला मोबाइलवर अभंग लावतात ते रात्रीपर्यंत चालूच असतात. अभंग सुरू झाला की अण्णांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागते. मग यजमान येऊन मोबाइल बंद करतात आणि 'कशाला त्यांना रडवतेस' म्हणून आईवर चिडतात. गेल्या महिन्यात मी अण्णांचे अंग पुसत असताना 'तीर्थ विठ्ठल' लागला होता आणि त्यांच्या तोंडून 'विठ्ठल' हा शब्द स्वच्छ आला, दोनदा. मी सगळ्यांना हाका मारल्या, पण नंतर काही आले नाही आणि कोणाचा विश्वास बसला नाही. गाण्याने त्यांचे बोलणे परत येईल का? की आम्ही त्यांना उगाच रडवतो आहोत? आणि एक गोष्ट लिहायला लाज वाटते. मला आता ते अभंग ऐकवत नाहीत. तो आवाज कानावर आला की पोटात गोळा येतो.

— एक सून, डोंबिवली

उत्तर

ताई, सप्रेम नमस्कार.

तुम्ही त्या दिवशी जे ऐकलेत ते खरे होते, हे आधी सांगते. घरातल्या कोणाचा विश्वास बसला नाही म्हणून तुम्हालाही आता आपल्या कानांविषयी शंका येऊ लागली असेल, तर ती मनातून काढून टाका. ज्या माणसाला तहान लागलेली असताना 'पाणी' हा शब्द काही केल्या उच्चारता येत नाही, त्याच्या तोंडून ओळखीच्या गाण्यातली ओळ सहज बाहेर पडते, ही गोष्ट मेंदूचे डॉक्टर आणि वाचा-उपचार करणारे लोक वर्षानुवर्षे पाहत आले आहेत. बहुतेक माणसांमध्ये बोलण्याची मुख्य केंद्रे मेंदूच्या डाव्या भागात असतात आणि शरीराच्या उजव्या बाजूचा ताबाही त्याच डाव्या भागाकडे असतो, म्हणूनच अण्णांचा उजवा हात आणि त्यांचे बोलणे एकाच वेळी गेले. चाल, सूर आणि आवाजातले चढउतार सांभाळण्यात मात्र मेंदूच्या उजव्या भागाचा वाटा मोठा असतो आणि अण्णांचा तो भाग बहुधा झटक्यातून वाचलेला आहे. शिवाय लहानपणीचे पाढे, देवाचे नाव, सवयीची शिवी आणि वर्षानुवर्षे टाळ वाजवत म्हटलेले अभंग हे शब्द आपण दर वेळी नव्याने जुळवून बोलत नसतो. ते एकमेकांत ओवलेले असतात आणि पहिला ओढला की पुढचे मागोमाग येतात.

आणि तो शब्द नेमका त्याच अभंगात का आला, याचाही विचार करून पाहा. नामदेवांच्या या अभंगात तीर्थ, क्षेत्र, देव, माता, पिता, बंधू, गुरू अशी माणसाची सगळी नाती एकामागून एक येतात आणि प्रत्येकाला लागून 'विठ्ठल' हा एकच शब्द येतो. राम फाटक यांच्या चालीत पंडितजी तो गातात तेव्हा ऐकणाऱ्याला पुढचा शब्द कोणता हे कधीच शोधावे लागत नाही. तो येणार हे आधीच ठाऊक असते, तोंडाला तयारीला वेळ मिळतो, आणि एकदा हुकला तरी चार मात्रांनी तोच शब्द पुन्हा दाराशी उभा असतो. शब्द शोधण्याची शक्तीच ज्याची हरवली आहे, त्या माणसासाठी याहून सोपी वाट कोणती असणार? तुम्ही त्या वेळी अंग पुसत होतात, म्हणजे कोणी त्यांच्या तोंडाकडे टक लावून 'बोला ना अण्णा, बोला' असे म्हणत नव्हते, हेही त्यात आले. हाका मारून सगळ्यांना जमवल्यावर शब्द पुन्हा आला नाही याचे कारण बहुतेक हेच. परीक्षेला बसवले की तो शब्द आत जातो.

आता तुमच्या पहिल्या प्रश्नाकडे वळते, आणि येथे मला जपून लिहिले पाहिजे, कारण खोटी आशा लावणे हा आजारी माणसाच्या घरावर अन्यायच असतो. गाण्यात आलेला शब्द आपोआप बोलण्यात उतरत नाही. अण्णा उद्या अख्खा अभंग म्हणू लागले तरी त्यामुळे ते परवा 'मला बाहेर बसायचे आहे' असे म्हणू लागतील असे नाही. परंतु या दोहोंमध्ये पूल बांधण्याची एक पद्धत आहे. 1973 साली अमेरिकेतल्या बोस्टन शहरात अल्बर्ट, स्पार्क्स आणि हेल्म या तिघांनी ती मांडली. त्यात रोजच्या गरजेची छोटी वाक्ये दोनच सुरांच्या सोप्या चालीत, अगदी सावकाश म्हटली जातात आणि प्रत्येक अक्षराला रुग्णाचा डावा हात हलकेच टेकवला जातो. आधी उपचार करणारी व्यक्ती म्हणते, मग दोघे मिळून म्हणतात, मग ती हळूच थांबते आणि रुग्ण एकटा पुढे जातो. पुढे पुढे चाल पुसट होत जाऊन बोलणे उरावे असा प्रयत्न असतो. ज्यांना समजते पण बोलता येत नाही अशा माणसांना ती अधिक उपयोगी पडते, आणि तुम्ही केलेल्या वर्णनावरून अण्णा त्यांच्यातले असावेत असे मला वाटते, तरी ते प्रत्यक्ष तपासूनच ठरवावे लागेल.

तुमच्या पत्रात वाचा-उपचारांचा उल्लेख कोठेही नाही. फिजिओथेरपिस्ट येऊन गेले असतील, पण बोलण्यासाठी कोणाला दाखवले नसेल तर आता दाखवा. वांद्र्याच्या अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेत हे काम होते, मोठ्या सरकारी रुग्णालयांतही त्यासाठी विभाग असतो, आणि कल्याण-डोंबिवलीच्या बाजूलाही असे उपचारतज्ज्ञ मिळतील. काठीवर चालणाऱ्या माणसाला घेऊन डोंबिवलीहून दर आठवड्याला वांद्रे गाठणे किती अवघड आहे याची मला कल्पना आहे, म्हणून पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगा की आम्हाला वारंवार येणे जमणार नाही, घरी करायचा सराव आम्हाला शिकवा. जाताना त्या 'विठ्ठल' शब्दाची गोष्ट तारखेसकट लिहून न्या. घरात त्यावर विश्वास बसला नसला तरी उपचारतज्ज्ञांच्या दृष्टीने ती फार मोलाची माहिती आहे. सात महिने उलटले आता काय होणार, असे कोणी म्हणेल. सुधारणेचा वेग पहिल्या काही महिन्यांत सर्वांत जास्त असतो हे खरे आहे, पण त्यानंतर दार बंद होते असे मुळीच नाही.

बोलणे किती परत येईल हे आज कोणी सांगू शकत नाही. मात्र गाण्याचा उपयोग केवळ त्यासाठीच असतो असे समजू नका. फिनलंडमध्ये हेलसिंकी येथे पक्षाघाताच्या साठ रुग्णांवर झालेला एक अभ्यास 2008 साली प्रसिद्ध झाला. त्यात काही रुग्णांनी दोन महिने रोज साधारण तासभर स्वतःच्या आवडीची गाणी ऐकली, काहींनी ध्वनिमुद्रित पुस्तके ऐकली आणि काहींना यांतले काहीच दिले नाही. औषधे आणि व्यायाम सर्वांचेच चालू होते. गाणी ऐकणाऱ्यांची शब्द लक्षात ठेवण्याची शक्ती आणि एकाग्रता इतरांपेक्षा अधिक सुधारली आणि त्यांच्या मनावरची उदासीही कमी राहिली. या अभ्यासातले दोन तपशील तुमच्या घरासाठी फार महत्त्वाचे आहेत, म्हणून ते पुन्हा लिहिते: गाणी त्या रुग्णांच्या स्वतःच्या आवडीची होती, आणि वेळ तासाभराचा होता, पहाटे सहापासून रात्रीपर्यंतचा नव्हता.

आता अश्रूंविषयी. पक्षाघातानंतर येणारे रडू एका प्रकारचे नसते. मेंदूला झालेल्या इजेमुळे काही रुग्णांचा रडण्यावरचा ताबा सुटतो. पाहुणा दारात आला, कोणी नाव घेऊन हाक मारली, टीव्हीवर लहान मूल दिसले, एवढ्यानेही त्यांना हुंदके येतात आणि बटण दाबावे तसे ते क्षणात थांबतात; त्यामागे तेवढे दुःख असतेच असे नाही, आणि त्यावर औषधे आहेत. दुसरे रडू खऱ्या उदासीचे असते: माणूस जेवणावरून मन काढतो, रात्री झोपत नाही, भिंतीकडे तोंड करून पडून राहतो. यांपैकी काही दिसत असेल तर डॉक्टरांना लगेच सांगा. पण तिसरेही एक रडू असते, आणि त्याला आजार म्हणण्याचे कारण नाही. ज्या माणसाला सात महिने एक वाक्य बोलता आलेले नाही, त्याच्या कानावर आयुष्यभर ज्याला टाळाची साथ दिली तो अभंग पडतो, आणि मनातले सगळे दुसऱ्या कोणत्याच वाटेने बाहेर येऊ शकत नसल्यामुळे डोळ्यांच्या वाटेने येते. अशा वेळी गाणे बंद करणे म्हणजे त्यांचे बोलणे मध्येच तोडणे होय.

यांतले कोणते रडू आहे हे तुम्ही घरीच बऱ्याच अंशी ओळखू शकाल. अभंग सुरू झाला की अण्णा आवाजाच्या दिशेला मान वळवतात की दुसरीकडे? ओठ हलतात का? डावा हात मांडीवर किंवा खाटेच्या कडेवर ठेका धरतो का? गाणे संपल्यावर ते शांत होतात की अधिक अस्वस्थ होतात? चार दिवस हे नुसते पाहा, कोणाशी वाद न घालता.

आणि मग त्यांनाच विचारा. तुमच्या पत्रात आई आहेत, यजमान आहेत, तुम्ही आहात, आणि तिघांनाही अण्णांसाठी काय बरे ते ठाऊक आहे. ज्यांचे गाणे आहे त्यांना मात्र अजून कोणी विचारलेले दिसत नाही. हे मी तुम्हाला दोष देण्यासाठी लिहीत नाही, कारण हीच चूक मी स्वतः केलेली आहे. माझे वडील अंथरुणाला खिळले तेव्हा त्यांना नाट्यसंगीताचे वेड होते म्हणून आम्ही भावंडांनी त्यांच्या उशाशी दिवसभर नाट्यगीते लावून ठेवली. काही आठवड्यांनी ते उशी कानावर ओढून घेऊ लागले आणि आम्ही म्हणालो, आजारपणाने चिडचिडे झाले आहेत. एका दुपारी वीज गेली, खोलीत अगदी शांतता झाली, आणि वडिलांनी कितीतरी दिवसांनी उशी बाजूला केली आणि खिडकीतून बाहेर पाहिले. त्यांना गाणे नकोसे झाले नव्हते. गाणे कधी हवे आणि कधी नको, हे ठरवण्याचा अधिकार आम्ही त्यांच्याकडून काढून घेतला होता.

अण्णांचे 'हां' आणि 'ना' उलटे येतात असे तुम्ही लिहिले आहे, तेव्हा तोंडी उत्तरावर विसंबू नका. डाव्या हाताची खूण ठरवा: पंजा वर उचलला म्हणजे चालू ठेवा, पंजा खाली दाबला म्हणजे पुरे. आधी ज्याचे उत्तर तुम्हाला माहीत आहे अशा गोष्टींवर तिचा सराव करा. चहा हवा का, पंखा लावू का, असे दोन-तीन दिवस विचारल्यावर खूण बसली की मग गाण्याविषयी विचारा, आणि प्रश्न एकदा सरळ आणि एकदा फिरवून विचारा. त्याहून चांगले म्हणजे बटणच त्यांच्या हाती द्या. मोबाइलच्या गुळगुळीत पडद्यावर डाव्या बोटाने नेमके चिन्ह दाबणे त्यांना जमणार नाही. ठसठशीत बटणांचा एखादा छोटा प्लेअर आणा, किंवा माळ्यावर तो जुना टेपरेकॉर्डर अजून असेल आणि चालत असेल, तर दुसरे काही आणूच नका. त्याचे ते जाड बटण अंगठ्याने खाली दाबले की खट्ट आवाज होतो, हाताला कळते की काहीतरी घडले, आणि ते घडवणारे आपण होतो हेही कळते. सात महिन्यांत अण्णांनी या घरात स्वतःच्या मनाने काय काय चालू केले आणि काय बंद केले, याचा हिशेब मांडला तर हे बटण किती मोठे आहे ते तुमच्या लक्षात येईल.

जेवताना मात्र गाणे लावू नका. पक्षाघातानंतर गिळण्याची क्रिया अनेकदा मंद झालेली असते आणि तोंडात घास असताना गाण्यासाठी ओठ उघडले तर ठसका लागून अन्न श्वासनलिकेत जाण्याची भीती असते. सकाळी तोंड धुऊन चहा झाल्यावर वीस मिनिटे आणि संध्याकाळी दिवेलागणीला वीस मिनिटे पुरेशी आहेत. त्या वेळी टीव्ही बंद असावा आणि कोणीतरी एक जण जवळ बसलेला असावा. उरलेला दिवस घराला शांत राहू द्या.

हे सासूबाईंना कसे सांगायचे, हा तुमच्यापुढचा अवघड प्रश्न असेल. त्या अभंग का थांबू देत नाहीत हे मला समजते. त्यांच्या आयुष्यात एकदा सगळे गेले होते. 18 जानेवारी 1982 रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या त्या संपात मुंबईचे सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले, संप कधी अधिकृतपणे मागे घेतलाच गेला नाही, आणि गिरणगावातल्या हजारो घरांत चूल पेटवण्याचा भार बायकांवर आला. कोणी खानावळी चालवल्या, कोणी पापड लाटले, कोणी मुलांना घेऊन गावाकडे गेल्या. अशा दिवसांत ज्या आवाजाने त्यांना संध्याकाळ काढून दिली तो आवाज याही वेळी आपल्याला बाहेर काढील, अशी त्यांची श्रद्धा आहे, आणि अभंग थांबला तर आपण हातपाय गाळले असे होईल, अशी त्यांना भीती वाटत असावी. म्हणून त्यांना 'बंद करा' असे सांगू नका. 'अण्णांना स्वतःच्या हाताने लावू द्या, तुम्ही फक्त शेजारी बसा' असे सांगा. संपाच्या दिवसांतही कॅसेट अण्णाच लावत होते, हे तुमच्याच पत्रात आहे, आणि त्याची आठवण सासूबाईंना तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त आहे.

आता यजमानांविषयी लिहिते, कारण तुमचे पत्र मी तीन वेळा वाचले आणि प्रत्येक वेळी माझे मन एकाच वाक्यावर अडले. तुम्ही ते सहज लिहून पुढे गेला आहात: संपाच्या वेळी ते सात वर्षांचे होते. सात वर्षांच्या मुलाच्या जागी थोडा वेळ बसून पाहा. संध्याकाळी बाबा फाटकावरून परत येतात, कोणाशी काही न बोलता टेपरेकॉर्डरपाशी बसतात आणि बटण दाबतात. मोठ्यांना त्या अभंगातून आधार मिळत असेल, पण मुलाला त्या आवाजावरून एवढेच कळत असणार की आजही काही झाले नाही, आजही बाबा गप्प आहेत, आज आईला काही मागायचे नाही. एकाच घरात, एकाच खोलीत, एकच कॅसेट वाजत होती, आणि आईच्या मनात ती घर तारणारी म्हणून राहिली तर मुलाच्या मनात वाईट दिवसांचा आवाज म्हणून. माझा हा तर्क चुकीचाही असू शकेल. परंतु तो खरा असेल, तर आज पन्नाशीतला हा मुलगा पहाटे सहाला तेच सूर ऐकतो, बाबा पुन्हा गप्प झालेले पाहतो, आणि मोबाइल बंद करतो तेव्हा तो आईशी भांडत नसतो. त्याला त्या खोलीत परत जायचे नसते, एवढेच.

म्हणून त्यांना गाण्याचे फायदे समजावून सांगू नका, आणि हे पत्रही पुरावा म्हणून त्यांच्यापुढे ठेवू नका. एखाद्या निवांत संध्याकाळी नुसते विचारा की त्या दिवसांतले तुम्हाला काय आठवते. ते काही सांगतील किंवा नाही सांगणार. सांगितले, तर पुढे कधीतरी तेच त्यांना अण्णांजवळ बसून सांगू द्या. अण्णांना सगळे कळते, असे तुम्हीच लिहिले आहे. जो बाप आपल्या मुलाला त्या दिवसांविषयी कधी काही बोलला नसेल, त्याला आता बोलता येत नाही; पण मुलगा बोलू शकतो, आणि बाप त्याचा हात डाव्या हाताने धरू शकतो.

आणि तुम्ही स्वतः. अभंग ऐकवत नाहीत हे लिहिताना लाज वाटली, असे तुम्ही म्हणता. ताई, दिवसातले पंधरा-सोळा तास, अंग पुसताना, चादरी बदलताना, औषधे देताना जो आवाज डोक्यावर वाजत राहील तो कितीही मोठ्या गवयाचा असला तरी त्याला त्या कामाचा, त्या वासाचा आणि त्या थकव्याचा रंग चढणारच. हा तुमच्या भक्तीतला किंवा मायेतला कमीपणा नव्हे. पंडितजींचे अभंग हे या घरात तुम्हाला सासरकडून मिळालेले आहेत. तुमच्या स्वतःच्या कठीण दिवसांत तुम्ही काय ऐकत होतात, ते तुम्ही पत्रात लिहिलेले नाही. जे काही असेल, भावगीत असो, जात्यावरच्या ओव्या असोत, सिनेमातले गाणे असो, ते दुपारी अण्णा झोपलेले असताना अर्धा तास दार लोटून ऐका, आणि त्या अर्ध्या तासात अण्णांकडे पाहण्याची जबाबदारी घरातल्या दुसऱ्या कोणावर तरी स्पष्ट शब्दांत सोपवा. सकाळच्या वीस मिनिटांतही जवळ बसण्याचे काम तुम्ही घेऊ नका. ते सासूबाईंचे आहे आणि जमेल तेव्हा यजमानांचे आहे. तुम्ही त्या वेळी खाली एक चक्कर मारून या.

एक गोष्ट अण्णांना सांगण्यासारखी आहे. भजनी मंडळातल्या माणसाला ती कदाचित आधीच माहीत असेल, तरी पुन्हा ऐकायला त्यांना आवडेल. पंडितजींचे गुरू सवाई गंधर्व यांनाही 1942 साली पक्षाघाताचा झटका आला होता आणि त्यांचे मैफलीतले गाणे त्यामुळे थांबले. पण शिष्यांना शिकवणे त्यांनी सोडले नाही. 1952 साली ते गेले आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाने पुण्यात सुरू झालेल्या महोत्सवाची धुरा पंडितजींनी पुढे अनेक दशके वाहिली. ज्याचा आवाज आजाराने मैफलीतून काढून घेतला, त्याच्या नावाने तेथे दर वर्षी गाणे होते.

यातून मला एक सुचते. तुमच्या घरात कोणी मूल असेल, तुमचे किंवा शेजारचे, तर त्याला अण्णांजवळ बसवून तो अभंग शिकायला सांगा. अण्णांनी शिकायचे नाही, शिकवायचे. मूल चुकीच्या जागी सम घेईल, एखादी ओळ खालीवर करेल, आणि ज्याने वर्षानुवर्षे त्या ओळीला टाळ दिला आहे त्याचा हात ते सहन न होऊन उठेल. ते उठणे पाहण्यासाठी तुम्ही दाराआडून पाहिले तरी चालेल, पण कोणाला हाका मारू नका.

टाळ त्यांना आता वाजवता येणार नाही, कारण टाळाला दोन हात लागतात. चिपळीला मात्र एकच हात पुरतो: एक फळी अंगठ्यात, दुसरी बोटांत, आणि मूठ मिटली की वाजते. विठ्ठलाच्या कोणत्याही उत्सवाच्या बाजारात, किंवा भजनाचे साहित्य विकणाऱ्या दुकानात ती मिळेल. हलकी, सागवानी पाहून घ्या, आणि अंगठी सैल आहे ना ते अण्णांच्याच बोटात घालून पाहा. सकाळचा चहा झाला की ती त्यांच्या डाव्या हातात द्या, टेपरेकॉर्डर त्या हाताला पुरेल एवढ्या अंतरावर ठेवा, आणि बटण त्यांनी दाबेपर्यंत थांबा. पहिल्या दिवशी त्यांनी ते दाबले नाही तर तेही त्यांचे उत्तर आहे असे समजा, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेथेच ठेवा.